"ओळखलंत का मला?" ही परीक्षा बंद करा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विसरायला होतंय ही बातमी नात्यात पसरली की भेटायला येणारा प्रत्येक जण तोंडी परीक्षा घेतो. पलंगाशी वाकून, आवाज चढवून: "ओळखलंत का मला? सांगा पाहू, मी कोण?" हेतू मायेचाच असतो. पण समोरचं माणूस गांगरतं, कसनुसं हसतं, सुनेच्या तोंडाकडे बघतं. मग कुणीतरी "अहो, हा आपल्या वसूचा मुलगा नाही का!" असं उत्तर पुरवतं आणि सगळे सुटल्यासारखे हसतात. परीक्षा देणारं माणूस मात्र सुटत नाही. स्मृतिभ्रंशात प्रसंग पुसला गेला तरी त्या प्रसंगानं उठवलेली भावना बराच वेळ मागे राहते. कोण आलं होतं ते जातं, आपलं काहीतरी चुकलं एवढं उरतं. असे चार पाहुणे होऊन गेले की पाचव्याची चाहूल लागताच माणूस भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतं, आणि घरचे म्हणतात, आजार वाढला.

जुन्या आठवणींचा आधार देण्याचं काम, ज्याला रेमिनिसन्स म्हणतात, ते या परीक्षेच्या अगदी उलट आहे. म्हातारी माणसं जुनंच उगाळत बसतात, हे एकेकाळी डॉक्टरही बुद्धी ढळल्याचं लक्षण मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली मांडलं की मागचं आयुष्य परत चाळून बघणं हे त्या वयाचं स्वाभाविक काम आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी हा विचार नंतर वापरात आला. तिथे आठवणी परत आणणं हा हेतूच नाही, कारण आजारात गेलेल्या आठवणी सरावानं परत येत नाहीत. अर्धा तास का होईना, त्या माणसाला पेशंट सोडून दुसरं कुणी होता यावं, एवढंच साधायचं असतं: चार भावंडांतली थोरली, गिरणीतला कामगार, पाचवी 'ब'च्या बाई.

अपेक्षा नेमक्या असाव्यात म्हणून पुरावा काय सांगतो तेही बघा. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा) २२ अभ्यास आणि १,९७२ माणसं होती. फायदा दिसला, पण थोडा, आणि पद्धतीनुसार बदलणारा: कुठे संवादात, कुठे जगण्याच्या समाधानात. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे घरचे यांना जोडीनं १२ आठवडे गटात बसवलं, पुढे महिन्यातून एकदा. रुग्णांमध्ये ठळक फरक पडला नाही, उलट सांभाळणाऱ्यांची चिंता वाढलेली दिसली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे कुणीतरी "जुने फोटो दाखवा" असं सांगून जातं, मुलगी दुपारभर अल्बम घेऊन बसते, आणि आई काही बोलली नाही की स्वतःलाच दोष देते. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं पुरेत. तुम्ही दमलेले असाल त्या दिवशी करूच नका.

आता सामग्री. सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या टिकत नाहीत. नवं आधी जातं आणि जुनं नंतर, हे फ्रेंच अभ्यासक तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं. जुन्यातही साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांत दाट असतात. पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल, सगळं त्याच वर्षांत येतं. म्हणून आधी कागदावर वजाबाकी-बेरीज करा. जन्म १९४४ चा असेल तर तुमचा पट्टा १९५४ ते १९७४. या पट्ट्यात १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे आहेत (सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला तेव्हाचे दुकानातले वाद अनेकांना नीट आठवतात), १ मे १९६० आहे, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे, १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली सुकडी व मिलो ज्वारी आहे. घरचे लोक मात्र काढतात १९९५ च्या लग्नाचा अल्बम, कारण तो रंगीत आहे आणि हाताशी आहे. ती आठवण तुमची झाली, त्यांची नव्हे.

याला दोन अपवाद आहेत. तिशीनंतर देश सोडून गेलेल्यांच्या आठवणींची दाटी त्या स्थलांतराच्या वर्षांकडे सरकलेली आढळते. त्यामुळे पस्तिसाव्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या आजोबांकडे तिथलं पहिलं भाड्याचं घर आणि पहिला हिवाळा जास्त शाबूत असू शकतो. दुसरा अपवाद वैद्यकीय आहे. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच आधी जातात. त्यात हा क्रम उलटा होतो, अलीकडचं बरं आठवतं आणि जुनं विरतं. म्हणून कोणत्या प्रकारचा आजार आहे हे डॉक्टरांकडून आधी विचारून घ्या.

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत दुर्लक्षित सामग्री म्हणजे हाक. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत बऱ्याच घरांत होती. माहेरची कमल सासरी सुनंदा झाली, पन्नास वर्षं सुनंदा म्हणून जगली, आणि आजार पुढे सरकल्यावर "सुनंदाताई" या हाकेला वळेनाशी झाली. घरचे कान तपासायला नेतात. एकदा "कमळे" म्हणून बघा. सुनेला सासूला असं एकेरी बोलवायला जीभ वळत नाही, हे मान्य. अशा वेळी नुसतं "कमलताई" चालतं, किंवा त्यांच्या धाकट्या बहिणीकडून फोनवर दहा हाका रेकॉर्ड करून घ्या. पुरुषांचंही तसंच. कचेरीत ज्यांना आयुष्यभर "देशमुखसाहेब" म्हटलं गेलं, त्यांना काळजीवाहकानं "बाबा, चला आंघोळीला" म्हटलं की ते हात झटकतात; "साहेब, पाणी काढलंय" म्हटलं की उठतात.

माहिती गोळा करताना मुलांना शेवटी विचारा. मुलांना आईवडील तिशीच्या पुढचेच माहीत असतात. भावंडं, आतेमामे भाऊ-बहिणी, चाळीतले शेजारी, जुने सहकारी यांना आधी गाठा, कारण तेही आता ऐंशीच्या घरात आहेत. कागद बोलतात: शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, नोकरीचं सर्व्हिस बुक, जुनं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. एका वहीत चार गोष्टी लिहा: कुणी कोणत्या नावानं हाक मारायचं, कुठे कुठे राहिले, हातांना कोणतं काम यायचं, आणि कशाबद्दल बोलायचं नाही. चौथी गोष्ट विचारायला लोक बिचकतात. तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

आजार सुरुवातीच्या पायरीवर असेल तर हे सगळं त्या माणसाबरोबरच करा. कोणतं नातवंडांना सांगायचं आणि कोणतं नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारून, आणि एका वेळी दहा मिनिटांचा एकच विषय. फायलीला "आईचा आवाज ७" असं नाव देऊ नका, "विहिरीवरचं पोहणं" असं द्या. दोन वर्षांनी शोधताना कळेल.

अल्बमबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण चुका इथेच जास्त होतात. मूळ फोटो हातात देऊ नका. स्कॅन करून मोठे करा, निदान सहा बाय आठ इंच, आणि मॅट कागदावर छापून घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकली की चेहराच दिसत नाही. एका पानावर एकच फोटो आणि त्यात दोन-तीनच चेहरे. चाळीस जणांचा ग्रुप फोटो निरुपयोगी असतो. खाली निदान २४ पॉइंटच्या काळ्या ठळक अक्षरात उत्तर लिहून ठेवा: "ही आक्का. मिरजेच्या घराचा ओटा. १९६१." उत्तर समोर लिहिलेलं असलं की प्रश्नच उरत नाही, आणि वाचता येणाऱ्याला वाचल्याचा आनंदही मिळतो. पंधरा ते वीस पानं पुरे. स्पायरल बायंडिंग करा, म्हणजे पान सपाट उघडं राहतं. अलीकडचे फोटो शेवटी घालायचा मोह होतो, तो टाळा. आजार मधल्या पायरीवर असला की माणूस स्वतःला पस्तिशीचं समजत असू शकतं, पांढऱ्या केसांचा स्वतःचाच फोटो बघून "ही म्हातारी कोण?" असं विचारतं आणि घाबरतं. आरशालाही कधी हेच होतं. तसं झालं तर आरसा झाका.

वस्तूंचा डबा अल्बमपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतो, कारण डोळे चेहरा ओळखेनासे झाले तरी हातांची सवय उरते. आठ-दहा वस्तू जमवा, पण समोर दोनच ठेवा. पितळी लोटा, पानाचा डबा, लोकरीचा गुंडा आणि सुया, शिंप्याची मापाची टेप, कंडक्टरचा तिकीट-पंच, पाटी आणि पेन्सिल, नऊवारीचा काठ. एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली. तिच्यात पुढच्या दशकांत नोकरी केलेल्यांच्या हातात तो पंच ठेवलात की अंगठा आपोआप दाबला जातो.

डब्यात काय नको तेही सांगायला हवं. अडकित्ता, विळी, स्टोव्हची पिन नको. ट्रंकेतल्या साडीबरोबर डांबराच्या गोळ्या येतात. त्या पांढऱ्या गोळ्या पेढ्यासारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी आहेत. साडी दोन दिवस वाऱ्यावर टाका, घडीघडीत बघा. कापराचंही तेच. वासासाठी द्यायचाच असेल तर छोट्या भोकांच्या घट्ट झाकणाच्या डबीत द्या. माणूस हाती येईल ते तोंडात घालू लागलं असेल तर नाणी, मणी, बटणं काढून टाका. आणि वासावर फार भिस्त ठेवू नका. अल्झायमर आणि पार्किन्सन दोन्हींत वासाची जाण लवकर कमी होते. शिकेकाई नाकाशी धरूनही काही झालं नाही, तर त्याचा अर्थ आठवण गेली असा नाही.

बसण्याची वेळ सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर, साधारण दहा-अकराची. दिवेलागणीला मुळीच नको, तेव्हा अस्वस्थता वाढते. आधी चष्मा पुसा, श्रवणयंत्राचा सेल बघा, लघवीला जाऊन येऊ द्या, टीव्ही बंद. समोर न बसता कडेला बसा. समोर बसलं की मुलाखत होते. बोलणारा एकच हवा.

सुरुवात प्रश्नानं नको, अर्धवट वाक्यानं करा. "तुमच्या गावात बाजार म्हणे मंगळवारी भरायचा…" आणि थांबा. मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजा. इथेच आपण सगळे नापास होतो. पाचव्या सेकंदाला आपल्याला शांतता सोसवत नाही आणि आपण दुसरं वाक्य टाकतो. त्यांच्या डोक्यात पहिल्याचं उत्तर जुळत आलेलं असतं, ते पुन्हा विस्कटतं. विचारायचंच असेल तर सल्ला विचारा: "उकड फाटतेय, पाणी कमी पडलं का हो?" आठवण विचारली की माणूस हरू शकतं, सल्ला विचारला की ते जाणकार ठरतं, आणि चुकीचा सल्ला दिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आजार आणखी पुढे गेला असेल तर दोनातलं एक निवडायला द्या, "चुलीवरची भाकरी की तव्यावरची पोळी?" त्याच्याही पुढे प्रश्न बंद, नुसती वस्तू हातात आणि तुमचा आवाज.

पाढे, आरत्या, लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं फार खोलवर शाबूत असतात. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकली आहे, त्यांच्याबरोबर ती म्हणायला सुरुवात करा आणि मधेच मुद्दाम अडखळा. बोलणं जवळपास थांबलेली माणसंही कधीकधी पुढची ओळ पूर्ण करतात. गाणी लावायची तर त्यांच्या पंधरा ते पंचविशीतली, मूळ आवाजातली, आणि फोनवर आधी उतरवून घेतलेली. इंटरनेटवरून थेट लावलं की गाण्याच्या मधोमध कर्कश जाहिरात येते, आणि बसलेली घडी मोडते.

कामाबद्दल एक आग्रह आहे. हातांना काम द्या, पण खोटं काम देऊ नका. मेथी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, फुलवाती वळणं, रुमालांच्या घड्या. निवडलेली मेथी त्याच दुपारी पानात आली पाहिजे, वळलेली वात संध्याकाळी देवापुढे लागली पाहिजे. घड्या पाठीमागे मोडून पुन्हा समोर आणून ठेवायच्या हा प्रकार सर्रास चालतो. माणसाला तो कळतो. कळल्याचं सांगता येत नाही इतकंच.

चुका दुरुस्त करण्याचा मोह आवरा. "तो भूकंप नव्हे, पूर आला होता तेव्हा", "गाडी लाल नव्हती", हे सांगून काय मिळणार? साल, गाव, क्रम चुकले तर चुकू द्या. औषध, पैसे आणि गॅस यांच्याबाबतीत तेवढं अडवा. तीच गोष्ट दहाव्यांदा आली तर ती शिल्लक राहिलेली गोष्ट आहे, म्हणून येतेय. तिच्यातला एखादा तपशील धरून पुढे सरका.

सगळ्या आठवणी गोड नसतात. पुण्यातल्या नदीकाठच्या माणसासमोर १२ जुलै १९६१ चा, पानशेत फुटल्याचा विषय काढण्याआधी त्या दिवशी त्यांचं काय गेलं ते माहीत हवं. गेलेलं मूल, दारूडा नवरा, दुष्काळातली उपासमार, दंगल: वहीतला चौथा रकाना यासाठीच आहे. तरीही एखादं दार अचानक उघडतं. पदर पिळणं, श्वास वरवर होणं, उठून जायची धडपड, ही खूण. तेव्हा "जाऊ दे, रडू नकोस" म्हणू नका. "फार सोसलंस" एवढं एक वाक्य बोला, थोडं थांबा, मग विषयाऐवजी जागा बदला: बाल्कनीत चला, तोंडावर पाणी, चहा. रडवेल्या अवस्थेत बैठक अर्धी सोडून आपण उठून जाऊ नये. तीच वेदना रोज यायला लागली तर हे काम थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

"घरी जायचंय" हे वाक्य बहुतेक घरांत संध्याकाळी येतं. "हेच तर तुझं घर!" हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगी आहे. आधी भूक, लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं बघून घ्या. मग विचारा, "घरी कोण कोण आहे गं?" बाईंचं घर बहुधा माहेर निघतं. "आई कुठंय?" याला "ती जाऊन चाळीस वर्षं झाली" म्हणालात तर दर वेळी नव्यानं सुतक, "येईल पाचला" म्हणालात तर दाराशी डोळे लावून बसणं. "आईची आठवण येतेय ना? तिच्या हातचं काय आवडायचं तुला?" यात खोटं काही नाही आणि आईही आहे.

याच धाग्यातला अवघड प्रश्न: नवरा गेल्याचं जिला आठवत नाही ती कुंकू मागते, मंगळसूत्र शोधते. नातेवाईक कुजबुजतात. माझं मत स्पष्ट आहे, लावू द्या. त्या घडीला ती जी आहे ती आहे, आणि बाकीच्यांच्या संकोचासाठी तिला रोज नव्यानं विधवा करण्यात कसली रीत?

शेवटचं, ब्युरोतून येणाऱ्या मावशींसाठी. त्या बदलतात, त्यांची भाषा कधी वेगळी असते, आणि आजारी माणूस पुढे पुढे आपल्या मूळ बोलीत, मालवणीत, अहिराणीत, कानडीत शिरतं. कपाटाच्या दारावर एक पान चिकटवा: हाक काय मारायची, पूर्वी ते काय काम करत असत, चहात साखर किती, कशानं शांत होतात, कोणतं नाव काढायचं नाही, आणि बोलीतले पंधरा शब्द अर्थासकट, त्यात पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, नको हे हवेतच. त्याची एक प्रत दवाखान्याच्या फायलीत ठेवा. भरती व्हावं लागलं तर तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरला हे पान जुन्या रिपोर्टांइतकंच उपयोगी पडतं. मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर तो आठवणींनी निवळण्यातला नाही. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं किंवा नवी गोळी अशी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पानाच्या खाली तारीख घाला आणि तीन महिन्यांनी फिरून बघा, कारण गेल्या दिवाळीला ज्या वस्तूनं चेहरा खुलायचा ती आता नुसती बाजूला सारली जात असेल, तर डब्यातून ती काढायची वेळ झालेली असते.